सुंदर ते ध्यान आणि आमची डॉल्बी

देव आहे की नाही यावर आपल्याकडं चहाच्या गाड्यावर, बँकेत, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही वाद घालता येतो आणि तो कधी मिटत नाही, मिटावा अशी कुणाची इच्छा पण नसते. पण देवाच्या नावानं आपण जे काही करतोय ते सुंदर आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर लगेच उत्तर येतं, अहो भावना महत्त्वाची. मला हे उत्तर पटत नाही, कधीच पटलं नाही. माझं म्हणणं असं आहे की तर्कानं देव सापडणारी माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, कर्मकांडानं सापडणारी त्याहून कमी, आणि बाकी आपल्यासारख्या साध्या माणसाला तो सापडलाच तर एखाद्या सुंदर गोष्टीतून सापडतो, मग ते देऊळ असो, अभंग असो, नाहीतर कुणीतरी जीव ओतून लावलेला षड्ज असो. आणि हे खरं असेल तर सार्वजनिक ठिकाणचा बेढबपणा हा नुसता ज्याच्या त्याच्या आवडीचा विषय राहत नाही. तिथं कुणाची तरी वाट अडते.

कोल्हापूरकराला याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. नोव्हेंबरात ९, १०, ११ तारखेला आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे, त्यामुळं मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडपातून पुढं सरकतात, पितळी उंबरठा, चांदीचा उंबरठा, कटांजन म्हणजे मूर्तीपुढचा कठडा असं करत करत गाभाऱ्यात पोचतात, आणि पहिल्या दिवशी पायापर्यंत, दुसऱ्या दिवशी वर छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर येतात. म्हणजे यावीत असं ठरलेलं आहे. हवेत धूळ जास्त झाली, ढग आले, बाष्प असलं, किंवा वाटेत कुणाच्या टेरेसवरचा पत्रा नाहीतर पाण्याची टाकी आडवी आली की किरणं कमरेशीच थांबतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात अडथळ्यांची बातमी येते. दरवर्षी तीच बातमी येते, फक्त फोटो बदलतो.

यात चमत्कार काही नाही. आमच्या बँकेतले एक सर, पक्के नास्तिक माणूस, त्यांनी मला एकदा विथड्रॉल स्लिपच्या मागं आकृती काढून सगळं समजावलं. २१-२२ डिसेंबरला सूर्य पार दक्षिणेच्या टोकाला असतो, त्याच्या साधारण ४१ दिवस आधी आणि ४१ दिवस नंतर तो क्षितिजावर त्याच जागी मावळतो, म्हणून हा प्रकार वर्षात दोन वेळा होतो, नोव्हेंबरात एकदा आणि जानेवारी-फेब्रुवारीत एकदा. "भूमिती आहे मॅडम सगळी, देवबिव काय नाय." मी म्हटलं सर, भूमिती आहे हे मान्यच, पण एवढी भूमिती कुणासाठी केली? ते म्हणाले राजाचा पैसा होता, काय पण करेल. आता यावर काय बोलणार. पण पैसा असलेले राजे ढिगानं झाले, आणि सगळ्यांनी आपल्या पैशातून मावळतीचा उजेड तीन दिवस एका दगडी चेहऱ्यापर्यंत चालत नेला असं काही दिसत नाही. ज्या कारागिरानं तो कोन धरला त्याचं नाव कुठंच नाही. त्याला एवढंच पाहिजे होतं की हजार-बाराशे वर्षांनी सुद्धा कुणीतरी तिथं उभं राहावं आणि त्याचं बोलणं आपोआप थांबावं.

आणि ते थांबतं, हे मी बघितलेलं आहे. एरवी त्या देवळात रांगेत काय चालतं सगळ्यांना माहीत आहे, ढकलाढकली, पुढं सरका पुढं सरका, पोरं रडतायत, कुणाची पर्स कुणाच्या खणानारळाच्या पिशवीत अडकलेली. किरणोत्सवाला उजेड उंबरठ्यापाशी आला की हे सगळं काही मिनिटं बंद पडतं. आतले दिवे मालवलेले असतात, आणि तो तांबूस पट्टा फरशीवरून पुढं सरकतोय हे डोळ्याला दिसतं, इतका हळू पण दिसतो. माझ्या शेजारी उभी असलेली बाई भाजीची पिशवी हातात घेऊन आली होती, मेथीच्या काड्या बाहेर आलेल्या, ती रडत होती. का रडताय असं मी विचारलं नाही, असं काय विचारतात. पण तिला त्या क्षणी नवस आठवत नव्हता याची मला खात्री आहे, कारण मलाही माझं काहीच आठवत नव्हतं. सरांची आकृती खरी आहे आणि ती बाई रडली हे पण खरं आहे, आणि पहिल्यानं दुसरं खोटं पडत नाही. उजेड कसा येतो ते आकृती सांगते, तो आल्यावर माणूस स्वतःला का विसरतो ते आकृतीत नाही.

माझ्या मते सगळा मामला इथंच आहे, स्वतःला विसरण्यात. शोरूमच्या काचेतली पैठणी बघून मला जे होतं ते सौंदर्यच आहे पण त्यात "मला पाहिजे" असतं. संध्याकाळी संध्यामठाच्या बाजूनं रंकाळा तलाव बघताना तसं काही होत नाही. तो मला घरी न्यायचा नसतो, विकत घ्यायचा नसतो, तो आहे एवढ्यानंच बरं वाटतं. ज्या क्षणी माणसाचं "मला पाहिजे" गळून पडतं त्या क्षणी तो नेमका तिथं उभा असतो जिथं सगळे संत, सुफी, पाद्री त्याला ओढून न्यायला बघत असतात. त्यांनी उपदेश करून करून जे होत नाही ते एखादं चित्र किंवा एखादी तान दोन मिनिटात करून जाते, आणि मजा म्हणजे तुम्हाला कळत पण नाही की आपल्यावर काही झालंय.

संतांना हे पक्कं ठाऊक होतं. तुकोबांचा अभंग घ्या, "सुंदर ते ध्यान उभे विटेवरी". पहिलाच शब्द सुंदर. सर्वशक्तिमान नाही, पापाचा हिशेब ठेवणारा नाही, सुंदर. मग कटेवर हात, गळ्यात तुळशीहार, पीतांबर, मकरकुंडलं, कौस्तुभमणी असं एकेक बघत जातात, म्हणजे अक्षरशः विटेपासून चेहऱ्यापर्यंत बघत जातात, आणि शेवटी म्हणतात हेच माझं सर्व सुख, मी आवडीनं श्रीमुख पाहीन. अख्ख्या अभंगात मागणं एकही नाही. दुष्काळात घर बसलेला, दिवाळं निघालेला माणूस हे लिहितोय हे लक्षात घेऊन परत वाचा. ज्ञानोबांचं पण तसंच. १२९० साली गीता मराठीत आणताना अर्थ सांगून मोकळं होता आलं असतं, पण ते पैज लावतात की माझी मराठी अमृताला सुद्धा जिंकेल अशी रसाळ अक्षरं मी मेळवीन. अर्थानंच काम भागत असतं तर ही पैज कशाला लावायची? नुसता अर्थ डोक्यात जातो आणि तिथंच बसून राहतो हे त्यांना त्या वयात कळलं होतं, आणि आमच्या प्रवचनकारांना अजून कळलेलं नाही.

बरं हे फक्त आपल्या वारकऱ्यांचं आहे असं पण नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला, धर्मप्रसारासाठीच आला होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यानं काय केलं तर मराठी शिकला, पुराणं कशी सांगतात ते ऐकलं, आणि ओवी छंदात जवळपास ११ हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ साली छापलं गेलं. येशूची गोष्ट सांगायला त्यानं मराठीची स्तुती गायली, हरळांमध्ये म्हणजे खड्यांमध्ये रत्नकिळा तशी भाषांमध्ये मराठी असं म्हणून. सत्य आपल्याकडं आहे अशी त्याची पक्की खात्री होती, तरी ते सुंदर केल्याशिवाय लोकांच्या घरात शिरणार नाही हे त्याला समजलं. धर्म बदलण्याबद्दल तुमचं मत काहीही असो, माझंही आहे, पण ही समज मला मोठी वाटते.

आपल्या गावात तर यावर आख्खा वाङ्मयीन वाद झाला. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात प्राध्यापक, वि. स. खांडेकर १९३८ पासून कोल्हापुरात राहायला, आणि एकाचं म्हणणं कलेसाठी कला, दुसऱ्याचं जीवनासाठी कला. दोन पिढ्यांनी निबंध लिहून पोट भरलं त्यावर. मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. फडक्यांच्या बाजूला सौंदर्य आहे पण ते पुढं कुठंच जात नाही, आणि खांडेकरांच्या बाजूला पुढं जायची इतकी घाई आहे की सौंदर्य मागं राहतं, सुभाषित पुढं येतं. कला माणसाला त्याच्या स्वतःच्या बाहेर कुठंतरी नेते आणि त्या "बाहेर"ला काही लोक देव म्हणतात, हा तिसरा मुद्दा त्या वादात कुणी लावून धरला नाही. कदाचित त्या काळात तो जुनाट वाटला असेल.

आता लगेच प्रश्न येतो, कुठला देव? कुणाचा? याचं उत्तर मी गायकाच्या आणि चित्रकाराच्या तोंडून देते कारण मला ते जास्त भरवशाचे वाटतात. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गायक, मुसलमान माणूस, आणि त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या बंदिशीत कृष्ण पण येतो, शंकर पण येतो. कुणाला त्यात खटकलं नाही, निदान ऐकताना तरी नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, त्यांची भैरवीतली "जात कहाँ हो" १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत घालून अंतराळात पाठवली. पृथ्वीवरच्या माणसांची ओळख म्हणून जे काही निवडलं त्यात बाखचं संगीत आहे, आफ्रिकेतलं आहे, आणि ही भैरवी आहे. कोल्हापूरच्या दरबारात नांदलेल्या गायकीचा सूर पार ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलाय आणि इथं पोरांना केसरबाई कोण ते माहीत नाही, पण ते असो. दुसरे आबालाल रहिमान, चित्रकार. वडील कुराणाच्या प्रती हातानं लिहायचे, नक्षी काढायचे. पोरगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून परत कोल्हापुरात आला आणि आयुष्यभर रंकाळा, पंचगंगा, कोटीतीर्थ रंगवत बसला. त्या चित्रांत ना मशीद मोठी आहे ना देऊळ मोठं आहे. पाणी आहे, झाड आहे, उजेड आहे. बापानं अक्षर जसं जपलं तसं पोरानं पाणी जपलं असं मला ती चित्रं बघताना वाटतं, आणि कुठला देव हा प्रश्न त्यावेळी सुचतच नाही. सौंदर्य तुम्हाला उंबरठ्यापर्यंत आणून सोडतं. आत कुठल्या नावानं हाक मारायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

इथवर सगळं गोड चाललंय म्हणून आता जे माझ्या विरोधात जातं ते पण सांगते, कारण ते हलकं नाही.

एक म्हणजे सौंदर्यातच अडकून बसायची भीती. संत ऑगस्टिन चौथ्या-पाचव्या शतकातले, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की चर्चमध्ये गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानंच मी जास्त हलतो तेव्हा मला ते पाप वाटतं. माणूस प्रामाणिक होता. आपल्याकडं मैफलीत डोळे मिटून मान डोलावणारी आणि घरी कामवालीला वेगळ्या कपात चहा देणारी माणसं मी भरपूर बघितलीत, गाण्याचे जाणकार, घराणी पाठ. त्यांना भैरवीनं कुठंही नेलं नाही. तेव्हा सुंदर गोष्ट ऐकली की माणूस आपोआप चांगला होतो असलं काही मी म्हणत नाही. दार उघडतं, आत जायचं का नाही ते त्याच्यावर.

दुसरा मुद्दा जास्त बोचणारा आहे. ही सुंदर देवळं कुणासाठी उघडी होती? चोखोबांना पंढरपुरात देवळात घेतलं नाही, बाहेर राहून त्यांनी लिहिलं, "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा". वरच्या रंगाला काय भुललास! मी इतका वेळ जे सांगतेय त्याला हा अभंग थेट उलटा जातो. सौंदर्याच्या नावानं बोलणाऱ्या प्रत्येकानं आधी याच्यासमोर उभं राहायला पाहिजे. १८९९ साली याच पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांना वेदोक्त मंत्र नाकारले, छत्रपतीला, मग बाकीच्यांची काय कथा. घाट काय सुंदर नव्हता? कार्तिकात पहाटे पंचगंगेचा घाट पणत्यांनी उजळलेला बघा, डोळ्याचं पारणं फिटतं. त्याच घाटावर तो कुरूप प्रकार झाला. आणि आम्हा बायकांना अंबाबाईच्या गाभाऱ्यात जायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, आंदोलन करावं लागलं, आणि देवी बाई आहे हे इथं लक्षात घ्यावं.

तरी मी माझं म्हणणं सोडत नाही आणि त्याचं कारण पण चोखोबाच आहेत. ज्यांना देवळाचं सौंदर्य नाकारलं त्यांनी काय केलं, तर स्वतःचं सौंदर्य बाहेर बसून घडवलं, आणि ते देवळापेक्षा जास्त टिकलं. तो अभंग नुसता युक्तिवाद असता तर आज कुणाला पाठ नसता. ऊस, धनुष्य, नदी, वाकडं दिसणारं आणि सरळ असणारं, चार ओळीत असं बसवलंय की ज्यानं त्यांना बाहेर ठेवलं त्याच्याच नातवंडांच्या तोंडात ते बसलं. वरच्या रंगाला भुलू नका हे सांगायला सुद्धा त्यांना रस असलेले शब्द लागले. म्हणजे त्यांचं भांडण सौंदर्याशी नव्हतं, राखणदारांशी होतं.

सौंदर्य म्हणजे श्रीमंती नव्हे, हे पण इथंच सांगून टाकते. बांधावर शेंदूर फासलेला दगड असतो, म्हसोबा म्हणा, बिरोबा म्हणा, त्याला ना नाक ना डोळा. पण कुणीतरी सकाळी त्याच्या भोवतीचं गवत काढलेलं असतं आणि एक झेंडूचं फूल बरोबर मधोमध ठेवलेलं असतं. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, तिला लिहिता वाचता येत नव्हतं. जात्याचा फेर आणि ओवीची ओळ एकाच ठिकाणी संपायची, मुठीनं घास टाकायची वेळ आणि विठ्ठलाचं नाव बरोबर एका जागी यायचं. हे तिला कुणी शिकवलं नाही. दळायचं तर होतंच, पीठ ओवी नसती तरी पडलं असतं. पण तिनं आणि तिच्यासारख्या लाखो बायकांनी ते काम देवाला सांगण्यासारखं केलं. पै खर्च नाही.

खिद्रापूरला गेला नसाल तर जा. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला, कुरुंदवाडच्या पुढं. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ, तिथं यादव राजा सिंघणाचा १३ व्या शतकातला शिलालेख पण आहे. समोर नंदी नाही आणि आत दोन लिंगं, एक रागावलेला शंकर आणि एक त्याची समजूत काढायला आलेला विष्णू, धोपेश्वर. देवाची समजूत दुसरा देव काढतोय ही कल्पनाच मला फार आवडते. पण खरी गोष्ट पुढच्या मंडपात आहे. त्याला स्वर्गमंडप म्हणतात. ४८ खांब, काही गोल, काही चौकोनी, काही अष्टकोनी, लेथवर फिरवल्यासारखे गुळगुळीत, आणि मधल्या १२ खांबांच्या वर छतच नाही. गोल उघडं आकाश. बरोबर त्याच्याखाली तेवढीच गोल शिळा. यज्ञाच्या धुरासाठी उघडं ठेवलं म्हणतात, कुणी म्हणतात काम अपुरं राहिलं. मला कारणाशी घेणं नाही. त्या शिळेवर उभं राहून वर बघितलं की कडेला दिक्पाल आपापल्या वाहनावर बसलेले दिसतात आणि मध्ये काही नाही, नुसतं निळं. इतकं कोरीव काम करत करत आलेल्या माणसानं सगळ्यात महत्त्वाच्या जागी हात आवरला. तिथं काही कोरलं असतं तर आपण तेवढंच बघितलं असतं. बाहेरचे हत्ती, सुरसुंदरी, कितीतरी मूर्तींचे हात तुटलेले, नाकं तुटलेली. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती, त्याच्या आधी किती पूर या देवळानं बघितले असतील कुणास ठाऊक. तरी त्या शिळेवर माणूस गप्प होतो. (रील काढणारे सोडून. त्यांना शिळेवर फक्त लाइट चांगला मिळतो.)

आणि मग आपण परत गावात येतो आणि मिरवणूक चालू असते.

गणपतीची मिरवणूक, डॉल्बीची भिंत, छातीत धडधड, काचा थरथरतात, पहिल्या मजल्यावरची म्हातारी माणसं कापसाचे बोळे घालून आतल्या खोलीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यात २००० सालापासून आहे, ती कुणी पाळत नाही, पण माझा मुद्दा कायद्याचा नाही. लेझरनं डोळे गेल्याच्या तक्रारी आल्या, तो पण मुद्दा नाही. माझा मुद्दा एवढाच की त्या भिंतीसमोर गणपती दिसत नाही. म्हणजे मूर्ती असते, २१ फुटाची असते, मागच्या ट्रॉलीवर, पण बघायला कुणाला सवड नसते. सुंदर गोष्ट तुमचं लक्ष मागते, हा दणका लक्ष काढून घेतो. त्यात पण माणूस स्वतःला विसरतो असं पोरं म्हणतात, आणि एका अर्थी खरं आहे ते. पण किरणोत्सवात माणूस स्वतःला विसरला की दुसरं काहीतरी दिसायला लागतं, डॉल्बीसमोर विसरला की काहीच दिसत नाही, नुसता बधिर होतो. घरी आल्यावर कान वाजत राहतात एवढंच उरतं.

कुणी म्हणेल परंपरा काय शांत होती का? हलगी-घुमकं-कैताळ काय कमी वाजतं? वाजतंच की, लई वाजतं. पण हलगीवाला घामानं भिजलेला समोर दिसतो, ठेका बदलतो, समोरचा लेझीमवाला त्याच्याकडं बघून पाय बदलतो, ते माणसांनी माणसांबरोबर केलेलं असतं. मोठा आवाज हा प्रॉब्लेमच नाही. कुणीच काही घडवत नाही हा प्रॉब्लेम आहे, बटण दाबलं, भाडं दिलं, झालं. डॉल्बीवाल्या पोरांच्या पोटाचं काय असं पण विचारतात. हलगीवाल्याच्या पोटाचं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

देवळांचं पण तेच. गावोगावी जुन्या काळ्या दगडाच्या देवळाला पिवळा-गुलाबी ऑइल पेंट मारून ठेवलाय, आत बाथरूमच्या टाइल्स, दारात स्टीलचं रेलिंग, वर एलईडीची पळती अक्षरं आणि बाजूला भावी नगरसेवकाचा फ्लेक्स ज्यात देवापेक्षा त्याचा फोटो मोठा. जीर्णोद्धार म्हणतात याला. करणाऱ्यांची भावना खरी असते हो, वर्गणी काढून, रात्री जागून करतात, मी त्यांची टिंगल करत नाही. पण भावना खरी असली म्हणून डोळा मिटून घ्यायचा का? घरातल्या लग्नाची पत्रिका छापताना आपण दहा नमुने बघतो, चुलत्याला विचारतो, मामाला विचारतो, आणि आठशे वर्षांच्या दगडाला रंग मारताना कुणालाच विचारत नाही. अंबाबाईच्या मूर्तीची झीज झाली तेव्हा २०१५ साली पुरातत्त्व खात्याची माणसं बोलावली, वाद झाला, भांडणं झाली, पण निदान जाणत्याला विचारायचं असतं हे तिथं मान्य झालं. गावातल्या हनुमानाला तेवढं पण नशीब नाही.

हे शहर असं नव्हतं आणि अजूनही पूर्ण तसं झालेलं नाही. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं, तेव्हा रस्त्यावर उभं राहून माणसं रडली. त्यात नाटकवाले होते तसे रिक्षावाले पण होते, कधी तिकीट काढून आत न गेलेले. एका थिएटरसाठी गाव रडतं म्हणजे कुठंतरी आत माहीत आहे की तिथं नुसती करमणूक होत नव्हती. त्याच गावाला मिरवणुकीत काय वाजवायचं हे ठरवता येत नाही, हे मी मानायला तयार नाही.

तीर्थक्षेत्र विकासाचे आराखडे येतात, कोटींचे आकडे येतात, पार्किंग किती, दर्शनरांग किती मजली, भक्तनिवासाच्या खोल्या किती. सगळं लागतं, मला रांगेत चार तास उभं राहायची हौस नाही. पण त्या बैठकीत एक मूर्तिकार, एक जुन्या दगडाचं काम कळणारा पाथरवट, एक गायक असायला पाहिजे, आणि नुसता सत्काराला नाही, नाही म्हणायचा अधिकार घेऊन. किरणांच्या वाटेत कुठला पत्रा येतो हे मोजायला इंजिनिअर लागतो, पण ती वाट मोकळी ठेवायची का हे ठरवायला दुसऱ्या प्रकारचा माणूस लागतो.

आमच्या पेठेतली पोरं वर्गणीला येतील तेव्हा मी त्यांना चहा देणार आणि एवढंच विचारणार, की बाबांनो, यंदा मिरवणुकीत तुमच्यातलं स्वतः कोण काय वाजवणार आहे, कोण काय म्हणणार आहे, मूर्ती कोण घडवतंय आणि तुमच्यापैकी कोण त्याच्या शेडवर जाऊन बसून आलंय. एकानं जरी सांगितलं की काकू, मी हलगी शिकतोय, तर पावती मागतील तेवढ्याची फाडा म्हणणार. डॉल्बी म्हणाले तर चहा पिऊन जा.